बेरजेचा गुलाल

दिवाळीतला उरलेला चिवडा मऊ पडायला लागला की पुण्यात थंडी उतरते. यंदा थंडीच्या आधी भोंगे उतरले. सकाळी कामवाल्या बायका यायच्या आत पहिली रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी येऊन ‘आपला माणूस, हक्काचा माणूस’ म्हणून बोंबलते आणि ती वळेपर्यंत दुसऱ्या हक्काच्या माणसाची रिक्षा येते. विधानसभेचा हंगाम आहे. मला तक्रार करायचा अधिकार नाही, कारण त्यातल्या एका माणसाची पत्रकं मीच लिहिते. पत्रक लिहिणं हे माझं काम आहे. चार ओळींत राग, दोन ओळींत आश्वासन, खाली फोटो. हडपसरच्या रस्त्याकडेला पायाखाली जे कागद चुरगळलेले दिसतात, त्यांतले बरेचसे माझे असतात.

अशाच एका सकाळी निल्याचा फोन आला. निल्या म्हणजे नीलेश, आमच्याच इमारतीतला, आता टेक्सासात असतो. तिकडे रात्र होती आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाची मोजणी चालू होती. त्याच्या मागे टीव्हीवर लाल-निळा नकाशा हलत होता.

“बघतेयस ना? काउंटिंग चालूय. फुल टेन्शन आहे इथे.”

“तुला कसलं टेन्शन? तुझं तिथे मत आहे का?”

“नाही गं. व्हिसावर कुठलं मत. फक्त टॅक्स.”

“मग झोप.”

तो झोपला नाही. तो मला राज्याराज्यांची मतं सांगत बसला. कुठल्या राज्याच्या पदरात अध्यक्ष निवडणारे किती निर्वाचक, जिंकायला लागणारे दोनशे सत्तर आधी कुणाचे होणार. मी ऐकत होते आणि माझ्या जिभेवर पोस्टर चिकटवायच्या मैद्याच्या खळीची आंबट चव आली. निल्यालाही ती आली असावी. कारण बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, “मंगलमावशी कशी आहे?”

यंदा तिकडे दोन्ही आकडे एकाच माणसाच्या पारड्यात पडले, लोकांची मतंही आणि निर्वाचकांचीही. त्यामुळे कुणी काही बोललं नाही. पण आठ वर्षांपूर्वी ज्या बाईला अठ्ठावीस लाखांहून अधिक मतं जास्त पडली, ती घरी गेली आणि तिच्याहून कमी मतं मिळवणारा अध्यक्ष झाला. त्याच्याही आधी, या शतकाच्या तोंडावर, असंच एकदा झालं होतं. तिथे माणसं मत देतात, पण मोजतात राज्यं. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. वायोमिंगमधल्या एका माणसाचं मत कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या मतापेक्षा तिपटीहून जड पडतं. इकडची शहाणी माणसं हे वाचून हसतात. “काय हो ही लोकशाही!” म्हणतात. मी हसत नाही. मी हे सगळं हडपसरला, कालव्याच्या काठावर, भर उन्हाळ्यात पाहिलेलं आहे.

आमची वसाहत एकाच बिल्डरने एकाच फाटकाच्या आत बांधली. रस्त्याच्या अंगाला चार उंच इमारती, वन-रूम-किचनच्या, प्रत्येकीत शंभराच्या वर घरं. मागच्या चढावर रो-हाऊसच्या सात छोट्या सोसायट्या. त्यांना फुलांची नावं आहेत. कुठे आठ घरं, कुठे दहा. आमच्या इमारतींना फुलं मिळाली नाहीत, ए, बी, सी, डी मिळालं. या अकरा सोसायट्यांचा मिळून एक संघ, आणि संघाकडे सगळ्यांचं पाणी. महापालिकेची लाइन आणि विकतचे टँकर एकाच मोठ्या टाकीत पडतात. तिथून व्हॉल्व्ह फिरवून एकेका सोसायटीला पाणी सोडतात. नियम सोपा होता: प्रत्येक सोसायटीला सकाळी अर्धा तास.

पुन्हा वाचा. प्रत्येक सोसायटीला अर्धा तास. आठ घरांना अर्धा तास आणि शंभरावर घरांनाही अर्धा तास. याला संघाच्या पोटनियमात समान वाटप असं नाव आहे.

तो उन्हाळा अजून माझ्या नाकात आहे. टँकर उभा राहिला की त्याच्याखालचं तापलेलं डांबर भिजून जो वास सुटतो तो. नळ आधी खोकायचा, मग फुसफुसायचा, मग गंजाच्या रंगाची एक धार यायची आणि बाया ओरडायच्या, “आलं गं!” तिसऱ्या मजल्याच्या वर ती धार चढायचीच नाही. आणि फाटकाच्या बाहेर, हात लांब केला तर बोटं भिजतील इतक्या जवळ, कालवा भरून वाहत असायचा. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं असायचं. ते पाणी पुढच्या गावांच्या उसाचं, आमचं नव्हे. पोरं त्यात उड्या मारायची. आम्ही कोरड्या नळाखाली बादली ठेवून पोरांच्या हसण्याचा आवाज ऐकायचो.

मंगलमावशी डी इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची. डबे करायची. आयटीतली एकटी पोरं, काही म्हातारी जोडपी, असं तिचं गिऱ्हाईक. तिच्या पोळीला फुलक्याचा हलकेपणा होता आणि तोंडाला लवंगी मिरचीचा तिखटपणा. माहेर फुरसुंगीचं. कणीक भिजवायला पाणी, भाजी धुवायला पाणी, डबे घासायला तर पाणीच पाणी. सहा मजले कळशी चढवून धंदा करणारी ती बाई एक दिवस आमच्या घरी येऊन आईला म्हणाली, “मी संघाच्या अध्यक्षपदाला उभी ऱ्हाते. घरं मोजून पाणी वाटलं न्हाई तर माझं नाव मंगल न्हाई.”

आई म्हणाली, “अगं, समोर इनामदार साहेब आहेत.”

“मग? त्यांच्या घरातली माणसं काय जास्त तहानतात?”

मी तिथेच ठरवलं. पहिलं पत्रक त्याच संध्याकाळी लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत: डोकी मोजा, इमारती नको. तेव्हा मी कॉलेजातून नुकती सुटले होते आणि मला वाटायचं की नीट लिहिलेलं एक वाक्य व्हॉल्व्ह फिरवू शकतं.

खळ मावशीच्याच स्वयंपाकघरात शिजायची. मैदा तिचा, पाणी कुणाकुणाच्या कळशीतलं मागून आणलेलं. “पोस्टर चिटकवायला पानी हाय, प्यायला न्हाई,” असं म्हणत ती पळीने घोटायची. निल्या तेव्हा मगरपट्ट्यात नोकरीला होता. संध्याकाळी आयकार्ड गळ्यात तसंच ठेवून यायचा आणि लॅपटॉपवर घरांची यादी उघडून सांगायचा, “ए विंग सॉलिड आहे, सी मध्ये थोडं वर्क लागेल.” आम्ही चारही इमारतींचे जिने चढलो. एका आजोबांनी दार उघडलं, माझ्या हातातलं पत्रक पाहिलं आणि म्हणाले, “बाळ, पत्रक नको टाकू. पाणी टाक.” त्यांचं मत आम्हाला मिळालं. सगळ्यांची मिळत होती. गच्चीवर सभा झाली की चहा यायचा, टाळ्या यायच्या, बाया मावशीला ओवाळायच्या. जिथे टाळ्या वाजतात तिथे माणूस पुन्हा पुन्हा जातो. चढावरच्या फुलांच्या सोसायट्यांत टाळ्या वाजत नसत, कुत्री भुंकत. तिकडे आम्ही एकेक फेरी मारली आणि पत्रकं पेटीत टाकली.

आता नियम सांगते, कारण आम्हाला तो माहीत होता. कुणी आम्हाला फसवलं नाही. प्रत्येक सोसायटीत घरागणिक एक मत. ज्या उमेदवाराला त्या सोसायटीत जास्त मतं, त्याला त्या सोसायटीचं एक मत. अकरा सोसायट्या, अकरा मतं. सहा ज्याची, तो अध्यक्ष. हा नियम आम्ही वाचला होता, पाठ होता आणि तरीही आमच्या डोक्यात शिरला नव्हता. घोळक्यात उभं राहिलं की माणसाला डोकीच दिसतात.

इनामदार साहेब वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण नव्हते. बँकेतून निवृत्त, चढावर रो-हाऊस, पांढरा शर्ट, सगळ्यांना अहो-जाहो. प्रचाराच्या एकुलत्या एका एकत्र सभेत त्यांनी मला शांतपणे समजावलं.

“हे पहा, हा संघ सोसायट्यांचा आहे, व्यक्तींचा नाही. उद्या डोकी मोजायची ठरली तर चार इमारती कायम राज्य करतील. लहान सोसायटीला काही आवाज हवा की नको?”

मी म्हणाले, “आवाज हवा की, साहेब. पण आवाज तुमचा वाढतो आणि पाणी आमचं तुटतं, असं का?”

चारही इमारतींनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसले. त्यांना हसणं परवडत होतं. त्यांनी पुढे एक वाक्य टाकलं, ते मला तेव्हा टोमणा वाटलं आणि आता फक्त खरं वाटतं: “नियम बदलायचा अधिकार संघाला आहेच. दोन तृतीयांश सोसायट्या आणा.” म्हणजे ज्या मापाने आम्ही कमी पडतो ते माप बदलायला त्याच मापाने जास्त भरायला हवं. मी आजही पत्रक लिहायला बसले की या वाक्याला उत्तर शोधते. सापडलेलं नाही. अमेरिकेलाही इतक्या वर्षांत सापडलेलं नाही, त्यामुळे मी फार लाजत नाही.

मोजणी संध्याकाळी फाटकाजवळच्या मैदानात झाली. मांडव, लग्नाच्या खुर्च्या, एका टेबलावर निवडणूक अधिकारी म्हणून बोलावलेले निवृत्त गुरुजी. आधी मोठ्या इमारतींच्या पेट्या उघडल्या. ए मावशीची, बी मावशीची, सी मध्ये थोडी धाकधूक, तीही मावशीची. डी तर तिचं घरच. निल्या फळ्यावर खडूने बेरीज करत होता. चौथी पेटी संपल्यावर तो फळ्यापासून दोन पावलं मागे आला, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि ओरडला, “डन! मावशी, डन! आता वरच्या सगळ्या घरांनी एकजात साहेबांना मतं दिली ना, तरी आपण पुढे!”

त्याचं गणित बरोबर होतं. एकाही मताची चूक नव्हती. निल्याचं गणित कधीच चुकत नाही, म्हणून तर तो आज टेक्सासात आहे.

हलगी कुणी आणून ठेवली होती मला माहीत नाही, पण ती वाजली. बी मधल्या पोरांनी गुलालाची पिशवी फाडली. मावशीच्या कपाळाला लावायचा म्हणून सुरुवात झाली आणि बघता बघता तिच्या केसांत, कानांत, भुवयांवर, पदरावर गुलालच गुलाल. माझ्या आईने तिला मिठी मारली. ते पत्रकवाले आजोबा काठी वर करून नाचले. मावशी रडत होती आणि गालांवर गुलाबी ओघळ उतरत होते. मला म्हणाली, “पोरी, डोकी मोजली गं. मोजली.”

गुरुजी टेबलावरून सांगत होते, “शांतता राखा. अद्याप सात पेट्या बाकी आहेत.” कुणी ऐकलं नाही. हलगी चालूच होती.

मोगरा, साहेब. जाई, साहेब. जुई, साहेब. शेवंती. बकुळ. एकेक पेटी म्हणजे आठ-दहा चिठ्ठ्या, उघडायला चहा निवायलाही वेळ लागत नव्हता. कण्हेर मावशीला मिळाली, तिथे एका डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी घरोघरी सांगितलं होतं. पाच-पाच झाले तेव्हा हलगी थांबली. शेवटची पेटी पारिजातची. दहा घरं. मावशी चार, साहेब सहा.

निल्या अजून फळ्याजवळ उभा होता. त्याच्या बेरजेत मावशी शेकड्याने पुढे होती. त्याने खडू ठेवला नाही, हातातच कुस्करला.

इनामदार साहेब पुढे आले. ते खरंच सभ्य माणूस. हात जोडले, म्हणाले, “लढत छान दिलीत, मंगलताई.” मग तिच्याकडे नीट पाहिलं. गुलालाने माखलेला चेहरा, त्यावर वाळलेले ओघळ. साहेबांचा आवाज मऊ झाला. “या ना, आमच्याकडे या. तोंड धुऊन घ्या. पाणी आहे.”

यात त्यांना काहीही लावून बोलायचं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. त्यांच्याकडे पाणी होतं, म्हणून त्यांनी पाणी म्हटलं.

मावशी म्हणाली, “नको साहेब. आमचा अर्धा तास सकाळी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर डबे पोचवायला गेले. तिला एकटीला जाऊ द्यावंसं वाटत नव्हतं. तिचा अर्धा तास येऊन गेला होता आणि सहाव्या मजल्यापर्यंत काही चढलं नव्हतं. साठवलेलं पाणी तिने कणकेला वापरलं होतं. हात कोपरापर्यंत स्वच्छ आणि भांगात, कानामागे, मानेवर गुलाबी. पारिजातमध्ये तिचे दोन डबे जायचे. दोन्ही घरी म्हातारी माणसं. पहिल्या घरच्या आजींनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि पुण्यात ज्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात तो केला.

“मंगल, आम्ही मत साहेबांना दिलं हं. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या पोळ्यांना तोड नाही, पण अध्यक्ष म्हणजे जरा वेगळं असतं.”

मावशी म्हणाली, “व्हय.”

“शेजारच्यांनीही साहेबांनाच दिलं.”

“व्हय.”

दोन घरं. त्या सोसायटीतली दोन घरं वळली असती तर पारिजात तिची, अकरातल्या सहा तिच्या. रोज तिच्या हातचं खाणारी दोन घरं. आजी आत वळता वळता थांबल्या. “आणि अगं, हा गुलाल अजून तसाच? काल धुतला नाहीस का?”

मी तोंड उघडलं होतं. मावशीने माझा हात दाबला. इतका की तिच्या बांगडीचा वळ दुपारपर्यंत होता.

त्या हंगामाचं काय राहिलं, असं निल्याने परवाच्या त्याच फोनवर विचारलं. नकाशा बंद करून तो आता खरंच मावशीबद्दल विचारत होता. “आपण पॉप्युलर व्होट जिंकलो होतो यार,” तो म्हणाला. त्याला हे वाक्य इंग्रजीतच आवडतं. इंग्रजीत ते थोडं पदकासारखं वाजतं. मराठीत म्हणून बघितलं मी. लोकांनी आपल्याला जास्त मतं दिली आणि आपण हरलो. मराठीत त्यात कसलंच पदक नाही.

राहिलं एवढंच: डी च्या जिन्यात पहिल्या मजल्यावर भिंतीला एक गुलाबी पंजा आहे. पोरांनी त्या संध्याकाळी उमटवलेला. दोनदा रंग दिला, तरी वर येतो. अर्धा तास अजून अर्धा तासच आहे. मावशीचे डबे दोन उन्हाळे टिकले. तिसऱ्या उन्हाळ्यात आयटीच्या पोरांनी ॲपवरून मागवायला सुरुवात केली आणि तिचे गुडघे कळशीला नाही म्हणाले. तेव्हा पारिजातच्या त्याच आजी म्हणाल्या, “आमच्याकडे ये स्वयंपाकाला. ओटा मोठा आहे. पाणी चोवीस तास.” मावशी गेली. गेली म्हणजे काय, चढ चढून दीडशे पावलं वर. तिला शेकड्यांनी मतं देणारी माणसं चढाच्या खाली राहिली.

येत्या उन्हाळ्यात संघाची निवडणूक आहे. निल्या म्हणाला, “विचार ना मावशीला. या वेळी नीट करू. स्विंग सोसायट्या टार्गेट करू.” टेक्सासातून.

मी विचारायला गेले. सकाळची वेळ, पारिजातच्या आजींच्या मागच्या दाराने. मावशी पोळ्या लाटत होती. आता केस पांढरे झालेत, भांगात काही गुलाबी उरलेलं नाही. लांबून प्रचाराची रिक्षा ऐकू येत होती, माझीच वाक्यं ओरडत होती. पुढच्या अंगणात गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर पाइप टाकून ठेवलेला. नळ मोकळा, जवळ कुणी नाही. पाणी बॉनेटवरून, चाकांवरून, फरशीवरून निवांत चाललं होतं.

“मावशी, यंदा उभी राहतेस का?”

तिने मान वर केली नाही. “आधी जा, त्यो नळ बंद कर. मगापास्नं वाहतोय. जीव तिकडंच लागलाय माझा.”

मी पुढे जाऊन नळ बंद केला. पाइपातलं उरलेलं पाणी घरघरलं आणि थांबलं. लगेच आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला, “कोण आहे ते? नळ कुणी बंद केला? गाडी धुवायची आहे अजून!”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मावशी तव्यासमोर उभी होती, हातात उलथनं. माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं आता ती बोलेल. सभेत बोलायची तसं, जिन्यात बोलायची तसं. मी पत्रकच तयार केलं मनात, मथळ्यासकट.

“सोड,” मावशी म्हणाली. “नळ त्यांचा हाय.”

तिने पोळी उलटली. मी नळ सोडला. पाणी पुन्हा बॉनेटवरून घरंगळलं, अंगणाबाहेर पडलं आणि उताराने आमच्या इमारतींच्या दिशेने निघालं. मी त्याच्याबरोबर खाली चालत आले. फाटकापर्यंत पोचायच्या आत ते कोरड्या रस्त्यात जिरून गेलं होतं.